बापाच्या नावाचा रकाना
(वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं)

प्रश्न : मी बार्शी तालुक्यातला निवृत्त मुख्याध्यापक. आमच्या काळी दाखल्यावर मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे. आता सरकारने मधे आईचं नाव घातलं, ते एकवेळ समजू शकतो. पण लग्न न झालेल्या बाईला बापाचं नाव न सांगताही मुलाचा जन्मदाखला मिळतो, असं परवा कुणीतरी सांगितलं. मग लग्नाची गरजच काय उरली? लोकलाज होती म्हणून समाज सरळ चालत होता. ती कायद्यानेच काढून घेतली, तर देशाची नीतिमत्ता राहणार कशी? उद्या कोण कुणाचा मुलगा हेही कळायचं नाही. हे रागाने नाही, काळजीने विचारतो आहे.

उत्तर : गुरुजी, काळजी कळली. उत्तर लांबेल, असं संपादकांना सांगूनच लिहायला बसले आहे.

आधी कायदा काय आहे ते सांगते, कारण ऐकीव माहितीत बरीच सरमिसळ झालेली दिसते. आईच्या नावाचा निर्णय महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये घेतला. १ मे २०२४ पासून पुढे जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर स्वतःचं, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव अशा क्रमाने लिहायचं. त्यात वडील गाळलेले नाहीत. तुम्ही ऐकलंत ती गोष्ट वेगळी, आणि त्याहून जुनी. सर्वोच्च न्यायालयाचा ६ जुलै २०१५ चा निकाल आहे, न्यायमूर्ती विक्रमजित सेन आणि न्यायमूर्ती अभय मनोहर सप्रे यांचा. दिल्लीतली एक अविवाहित ख्रिस्ती आई, शिकलेली, कमावती. मुलगा तिने एकटीने वाढवला होता. त्याच्या पालकत्वासाठी ती कोर्टात गेली, तर खालच्या कोर्टाने आणि उच्च न्यायालयानेही सांगितलं की आधी बापाचं नाव-पत्ता द्या, त्याला नोटीस निघेल. बापाने त्या मुलाकडे कधी वळूनही पाहिलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने नोटिशीची अट काढली आणि सोबत सगळ्या देशासाठी आदेश दिला : अविवाहित किंवा एकटी आई जन्मदाखला मागायला आली तर तिच्याकडून प्रतिज्ञापत्र घ्या आणि दाखला द्या.

या निकालातली एक गोष्ट बाहेर फारशी बोलली जात नाही, ती मला सर्वांत मोलाची वाटते. न्यायमूर्ती त्या आईशी स्वतः बोलले. आपला बाप कोण हे जाणण्याचा मुलाचाही हक्क आहे, हे त्यांनी तिला समजावलं. तिने नाव आणि माहिती सांगितली. ती एका पाकिटात घालून पाकीट सीलबंद केलं, आणि या न्यायालयाने खास आदेश दिल्याशिवाय ते उघडायचं नाही असं निकालातच लिहून ठेवलं. कोण कुणाचा मुलगा हे कळणार नाही, अशी भीती तुम्ही लिहिलीत. कोर्टाने तर ते मुलासाठी जपून ठेवलं. जन्मदाखल्यासाठी आईला ते विचारून अडवायचं नाही, एवढंच ठरवलं.

पुढे २०२३ साली संसदेने जन्म-मृत्यू नोंदणी कायदा दुरुस्त केला, तेव्हा एकल पालक किंवा अविवाहित आईच्या मुलाच्या जन्माची माहिती त्या पालकाने द्यायची, असं कलमातच घातलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलाला शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. म्हणजे ज्याची नोंद नाही, त्याला पुढे दारोदार अडणार. अशा वेळी बापाचा रकाना भरल्याशिवाय नोंद नाही असं म्हटलं, तर शिक्षा कुणाला होते? पळून गेलेल्या बापाला नाही, आईलाही फारशी नाही. पाळण्यातल्या पोराला होते.

आता लोकलाजेचं. ती होती म्हणून समाज सरळ होता, हे मला मान्य नाही. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. लोकलाज तेव्हा आजच्या शंभर पटीने कडक होती. बालविधवा घरातल्याच कुणाच्या तावडीत सापडायच्या, दिवस राहायचे, आणि जन्मलेलं मूल जगाला दिसायच्या आत नाहीसं व्हायचं. त्या घरात काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा बाळंत झाली. तो मुलगा फुल्यांनी दत्तक घेतला, यशवंत नाव ठेवलं, शिकवून डॉक्टर केलं. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई गेल्या त्या याच डॉक्टर यशवंतांबरोबर रोग्यांची सेवा करता करता. त्या मुलाच्या बापाचं नाव कुणी विचारत बसलं असतं, तर पुण्याच्या त्या रोग्यांना एक डॉक्टर कमी मिळाला असता.

आणखी पुढची गोष्ट. १८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात बाळ मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळली. पण ‘पुणेवैभव’ या पत्राने त्या निमित्ताने सगळ्या बायकांची नीती बिघडल्याचा गिल्ला केला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये पुस्तकच छापून त्याला उत्तर दिलं : सगळे दुर्गुण बायकांच्याच अंगी कसे, पुरुष तेवढे धुतल्या तांदळासारखे का? देश रसातळाला चालला ही ओरड तेव्हाही अशीच होती, गुरुजी, आणि बोट तेव्हाही बाईकडे आणि तिच्या पोराकडे होतं. फाशीच्या खटल्यात त्या बाळाच्या बापाचं नाव कुणाला हवं होतं, हे मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

मी गडहिंग्लजला वकिली करते. आमच्याकडून निपाणी जवळ, सौंदत्ती फार लांब नाही, आणि देवाला सोडलेल्या बायकांची घरं दोन्ही राज्यांत पसरलेली. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा १९३४ चा, कर्नाटकाचा बंदी कायदा १९८२ चा, आपला २००५ चा. कायदे आले, पण मुलं त्याआधीही होतीच आणि शाळेतही जात होती. अशाच एका आईने माझ्या टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीतून मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवला. मुलाचं नाव, पुढे मामाचं नाव, पुढे आडनाव. पहिलीत घालताना हेडमास्तरांनी बापाचं नाव विचारलं. ती गप्प उभी राहिली. मास्तर माणूस चांगला; त्यांनी मान वर न करता विचारलं, “भाऊ आहे का?” आणि भावाचं नाव लिहून टाकलं. मुलगा शिकला, भरतीत पास झाला. पडताळणीला कागद गेले तेव्हा रेशनकार्डावर जो माणूस आईचा भाऊ, तोच दाखल्यावर मुलाचा बाप. चौकशीला आलेल्या हवालदाराने चारचौघांत त्या पोराला विचारलं, याचा अर्थ काय समजायचा रे? बाविशीतला मुलगा. तो त्या दिवशी घरी आला नाही. दुसऱ्या दिवशी मामाने त्याला बसस्टँडवरून आणला.

मास्तरांनी वाईट हेतूने काही केलं नव्हतं. रकाना रिकामा ठेवायची मुभा नव्हती, म्हणून त्यांनी खोटं लिहिलं. तुम्हीही जनरल रजिस्टर वर्षानुवर्षं सांभाळलं असेल, आणि शाळा सुटल्यावर त्यातली नोंद बदलणं किती अवघड हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आज आईच्या नावाने दाखला होतो. पासपोर्टला डिसेंबर २०१६ पासून आई किंवा वडील, एकाचंच नाव दिलं तरी पुरतं. पॅन कार्डाला एकट्या आईच्या मुलाला ५ डिसेंबर २०१८ पासून बापाच्या नावाची सक्ती नाही. त्या मुलाला हे आधी मिळालं असतं, तर खोटं लिहावंच लागलं नसतं. खरं लिहिता येईल अशी सोय करणं याला मी नीतिमत्ता घसरणं म्हणणार नाही.

मुलाची ओळख हा त्याचा हक्क, हे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत १९८९ साली आलं. सातव्या कलमात जन्मनोंद, नाव, नागरिकत्व आणि शक्य तितपत आईबाप कोण हे कळणं. आठव्या कलमात ही ओळख टिकवणं, आणि कुणी ती हिरावली तर ती परत मिळवून देणं. भारताने ११ डिसेंबर १९९२ ला ही संहिता स्वीकारली. आठवं कलम आलं ते अर्जेंटिनाच्या आग्रहाने, आणि ते का, हे तुमच्या प्रश्नाच्या अगदी पोटातलं आहे. १९७६ ते १९८३ तिथे लष्करी राजवट होती. देशाची ख्रिस्ती संस्कृती आणि कुटुंब वाचवतो आहोत, असं तिथले सेनाधिकारी छातीठोक सांगत. विरोधकांना उचलून छावण्यांत कोंडत. त्यांतल्या गरोदर बायका तिथेच बाळंत होत, मग त्या आया नाहीशा होत, आणि बाळं खोट्या दाखल्यांवर लष्करातल्या किंवा लष्कराच्या मर्जीतल्या घरांत दिली जात. असं सुमारे ५०० मुलांच्या बाबतीत झालं, असं तिथल्या आज्यांचं म्हणणं. होय, आज्या. १९७७ पासून ब्युनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो चौकात त्या डोक्याला पांढरे रुमाल बांधून नातवंडांचा हिशोब मागत राहिल्या. आईबाप हयात नसताना आजीच्या रक्तावरून नातं ओळखण्याचं शास्त्र त्यांनी शास्त्रज्ञांच्या मागे लागून उभं करवलं, १९८७ मध्ये सरकारी जनुक-पेढी झाली, आणि आजवर सव्वाशेहून जास्त नातवंडं सापडली आहेत. नीतीच्या नावाने गर्जना करणाऱ्यांनीच तिथे मुलांची नावं चोरली होती.

तुमच्या काळजीत माझी एक काळजी मात्र मी घालते : रकाना रिकामा ठेवायची मुभा दिली म्हणजे बाप मोकळा सुटला, असं होता कामा नये. कायद्याने तो सुटत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे पूर्वीचं १२५, मूल लग्नाचं असो वा लग्नाबाहेरचं, त्याच्या पोटगीची जबाबदारी बापावर टाकतं. आईने अर्ज केला, बापाने हात वर केले, तर डीएनए चाचणीची मागणी करता येते. विवाहित जोडप्याच्या मुलाबाबत मात्र नवऱ्याला नुसता संशय आला म्हणून चाचणी होत नाही. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच असं धरणारं साक्ष अधिनियमाचं कलम ११६ तिथे आडवं येतं, आणि फेब्रुवारी २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नवराबायकोच्या भांडणात मुलाच्या जन्माचं प्यादं करायचं नाही.

वारशाचं अजून अर्धवट आहे, आणि त्याचा मला राग आहे. आईबापांचं लग्न झालं पण ते कायद्याने रद्दबातल ठरलं, उदाहरणार्थ पहिली बायको असताना दुसरी केली, तर हिंदू विवाह कायद्याच्या सोळाव्या कलमाने त्या मुलांना औरस मानलं जातं. १ सप्टेंबर २०२३ च्या निकालाने त्यांना बापाच्या वडिलोपार्जित मिळकतीतल्या बापाच्या हिश्श्यातही वाटा मिळू लागला. पण ज्यांच्या आईबापांचं लग्नच झालं नाही, त्यांचं नातं हिंदू वारसा कायदा आजही फक्त आईशी आणि आईच्या लग्नाबाहेरच्या इतर मुलांशी धरतो. बापाने मृत्युपत्र केलं तर ठीक, नाहीतर काही नाही. पोटगीपुरता बाप आणि सातबाऱ्यावर परका. देशाच्या नीतिमत्तेसाठी पत्र लिहायचंच असेल, तर या कलमाबद्दल आपल्या खासदारांना लिहा. मी मसुदा करून देते.

प्रश्न : ताई, माझी बहीण अविवाहित आहे. तिची मुलगी येत्या जूनला सहा वर्षांची होईल. जन्म मावशीच्या गावी घरीच झाला, लाजेपायी नोंद केली नाही. आता शाळेत घालायची आहे. माझ्या नावाने नोंद करून टाकावी, असं घरातले म्हणतात. करू का? (एक मामा, वाळवा तालुका)

उत्तर : दादा, करू नका. वरची दाखल्याची गोष्ट वाचा, आणि घरातल्यांनाही वाचून दाखवा. शिवाय जन्मनोंदीत मुद्दाम खोटी माहिती देणं हा नोंदणी कायद्याच्या २३ व्या कलमाखाली गुन्हा आहे. भाचीवर तुमचा जीव आहे म्हणूनच तुम्ही तयार झालात, हे समजतं. तिच्यासाठी खरोखर काही करायचं असेल, तर बहिणीबरोबर कचेरीत जा आणि तिच्या शेजारी उभे राहा. बोलू तिला द्या.

शाळेचं आधी, कारण ते लगेच होतं. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १४ : वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीतली नोंद, लसीकरणाचं कार्ड, किंवा आईचं प्रतिज्ञापत्र यावर प्रवेश मिळतो. अर्जात वडिलांच्या नावापुढे काही लिहू नका, रेघही नको. पालक म्हणून आईचं नाव. शाळेने हुज्जत घातली तर नकार लेखी मागा. लेखी म्हटलं की बहुतेक ठिकाणी अर्ज घेतला जातो.

आता जन्मनोंद. २१ दिवसांत नोंद केली असती तर विनाशुल्क झाली असती. महिन्यापर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. तुमचं प्रकरण या शेवटच्या पायरीवर आहे. पहिलं काम, जन्म ज्या गावात झाला त्या ग्रामपंचायतीतून ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला काढा. सांगलीचा नाही चालायचा, त्या गावचाच लागेल. मग बाळंतपणाच्या वेळची आशाताई किंवा सिस्टर शोधा. त्यांच्या वहीत गरोदरपणाची नाहीतर पहिल्या डोसाची तारीख असेल, तिची प्रत मागा. बहिणीचं प्रतिज्ञापत्र, तिचं आधार कार्ड, जन्म ठाऊक असलेल्या दोन माणसांचे जबाब. महाराष्ट्रात उशिराच्या नोंदींची छाननी अलीकडे फार कडक झाली आहे, त्यामुळे कागद पक्के करूनच अर्ज द्या आणि पोचपावती घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. प्रतिज्ञापत्रात ‘मी अविवाहित आई असून मुलीचं संगोपन एकटी करते’ एवढं पुरतं. कोण, केव्हा, कसं, हे लिहायची गरज नाही. खिडकीपलीकडून कुणी विचारलंच, तर २०१५ च्या निकालाची प्रत पुढे ठेवा. माझ्याकडे मराठीत केलेला सारांश आहे, संपादकांच्या पत्त्यावर पाकीट पाठवलंत तर देईन.

आणि बहिणीला एक निरोप. मुलीचा बाप कोण हे तिने एका कागदावर लिहून, तारीख घालून, सुरक्षित ठेवावं. आज कुणालाही दाखवायचं नाही. मुलगी मोठी होऊन विचारेल, एखाद्या आजारात डॉक्टर विचारतील, तेव्हा उपयोगी पडेल.

प्रश्न : आमची मुलगी दत्तक आहे, आता चौदा वर्षांची. सासूबाईंचं म्हणणं, तिला सांगितलं तर ती आपली राहणार नाही, आणि आजकालच्या मुली आधीच हाताबाहेर गेल्या आहेत. जन्मदाखल्यावर आमचीच नावं आहेत. सांगायलाच हवं का? (नाशिक)

उत्तर : हो, सांगा, आणि दहावीच्या वर्षाआधी सांगा. एव्हाना शेजारी, नातेवाईक, लग्नाघरातली एखादी बाई, यांतल्या कुणीतरी अर्धवट काहीतरी तिच्या कानावर घातलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. ते परक्याच्या तोंडून कळलं की मुलांना दत्तक असण्यापेक्षा लपवल्याचं जास्त लागतं, हे मी पक्षकार मुलांकडून ऐकलं आहे. सासूबाईंना घेऊनच बसा. आजीने तिच्या घरी येण्याच्या दिवसाची हकीगत सांगितली, तर निम्मं ओझं तिथेच उतरतं.

दाखल्यावर तुमचीच नावं आहेत ती कायद्यानेच. दत्तक आदेशानंतर जन्मदाखला दत्तक आईबापांच्या नावाने निघतो. तो खोटा नाही आणि तुमचं नातंही त्याने पक्कं आहे, ते कुणी मोडू शकत नाही. पण त्याआधीची तिची नोंद संस्थेत आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे असते. २०२२ च्या दत्तक नियमावलीत मुळांचा शोध घेण्याचा हक्क मुलाला दिलेला आहे. जन्मदात्या आईने ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर तिची संमती लागते. ती नाही मिळाली, तर मूल कोणत्या कारणाने आणि परिस्थितीत संस्थेत आलं, तेवढं सांगितलं जातं. म्हणजे त्या आईचाही मान राहतो आणि मुलगीही अगदी रिकाम्या हाताने परत येत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात इथून स्वीडन, नेदरलँड्स, स्वित्झर्लंडला दत्तक गेलेली माणसं आता पन्नाशीत येऊन पुण्या-मुंबईतल्या संस्थांचे जिने चढताहेत, आणि जुनी रजिस्टरं वाळवीने खाल्लेली निघतात. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकाला नियम घालून दिले, त्याआधीच्या मुलांचे तर फार हाल.

तुमच्याकडचे कागद म्हणून आजच काढून बघा : न्यायालयाचा दत्तक आदेश, बाल कल्याण समितीने मूल दत्तक द्यायला कायद्याने मोकळं असल्याचं जाहीर केलेलं पत्र, संस्थेने दिलेला बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल. एखादा नसेल तर संस्था सुरू आहे तोवर प्रमाणित प्रत मागून घ्या. मुळांच्या शोधाचा अर्ज अठरा पूर्ण होईपर्यंत तिने तुमच्या बरोबरीने करायचा असतो. त्यानंतर तिची एकटीची सही पुरते.